आश्वासनांवर डेटाबेस चालत नाहीत

२००५च्या एप्रिल महिन्यात पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना मोकळा असतो अशा, डेटाबेसची ८.०.२ ही आवृत्ती आली. आकड्यातला शेवटचा २ पाहूनच जाणकाराला कळतं की ही किरकोळ दुरुस्त्यांची आवृत्ती आहे. अशा आवृत्तीत चुका सुधारायच्या, आतल्या यंत्रणेला हात लावायचा नाही, असा या प्रकल्पाचा दंडक. लोक त्या भरवशावर ती फारसा विचार न करता चढवतात. पण या वेळी मेमरीत कुठली पानं ठेवायची आणि कुठली काढायची हे ठरवणारा अल्गोरिदमच उचकटून त्या जागी दुसरा बसवला होता. सोबतच्या टिपणात कारणही सरळ दिलं होतं: आधीच्या अल्गोरिदमवर अमेरिकेत पेटंटचा अर्ज प्रलंबित आहे. नवा अल्गोरिदम काही कामांसाठी थोडा मंद पडू शकतो, याचीही त्यात कबुली होती.

कुणी कोर्टात गेलं नव्हतं. पेटंट मंजूरसुद्धा झालं नव्हतं. ते पुढच्या वर्षी झालं. नुसता अर्ज आहे एवढं कळलं आणि चालता कोड काढावा लागला. सॉफ्टवेअर पेटंटवरची चर्चा नेहमी खटल्यांभोवती फिरते. किती भरले, कोण हरलं, भरपाई किती मिळाली. त्या हिशेबात ८.०.२ कुठे येतच नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की या त्रासावर आजवर जो उपाय सांगितला गेला तो कायद्याचा नव्हता, भलेपणाचा होता. मोठ्या कंपन्या अधूनमधून जाहीर करतात, ‘आमची अमुक पेटंटं आम्ही तुमच्याविरुद्ध वापरणार नाही.’ लोक टाळ्या वाजवतात. माझं म्हणणं असं की ज्या गोष्टीवर बँका, रुग्णालयं आणि सरकारी दफ्तरं उभी आहेत ती कुणाच्या मेहेरबानीवर चालू नये. सर्वसाधारण संगणकावर चालणारा प्रोग्रॅम पेटंटच्या कक्षेबाहेर असावा, आणि तो कायद्यानेच बाहेर असावा.

आधी काढून टाकलेल्या त्या अल्गोरिदमचं प्रकरण जवळून पाहू, कारण या वादातलं जवळजवळ सगळं त्यात आहे. डेटाबेस डिस्कवरचा डेटा ठरावीक आकाराच्या पानांनी वाचतो. पोस्टग्रेसमध्ये हे पान ८ किलोबाइटचं असतं. मेमरीतली जागा मर्यादित, तेव्हा नवं पान आत घ्यायचं तर जुनं एखादं बाहेर काढावं लागतं. सर्वांत सोपी रीत म्हणजे ज्या पानाला सर्वांत जास्त वेळ कुणी हात लावला नाही ते काढायचं. ही रीत बरी चालते, पण कुणीतरी मोठा अहवाल चालवेपर्यंतच. तो अहवाल कोट्यवधी ओळींचं टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाच वाचतो, आणि पुन्हा कधीही न लागणाऱ्या पानांच्या त्या लोंढ्यात सतत लागणारी पानं बाहेर फेकली जातात. मग बाकी सगळ्यांचं काम रखडतं.

आयबीएमच्या अल्माडेन संशोधन केंद्रातल्या निम्रोद मेगिडो आणि धर्मेंद्र मोधा यांनी यावर एक देखणी युक्ती काढली. तिचं नाव एआरसी. दोन याद्या ठेवायच्या: एकदाच लागलेल्या पानांची एक, पुन्हा लागलेल्या पानांची दुसरी. शिवाय नुकत्याच बाहेर काढलेल्या पानांची फक्त नावं धरून ठेवणाऱ्या आणखी दोन याद्या. बाहेर काढलेलं पान लगेच परत मागितलं गेलं की ते कुठल्या यादीतून गेलं होतं हे कळतं, म्हणजे आपण कुठल्या बाजूला जागा कमी दिली तेही कळतं. त्या बाजूची जागा थोडी वाढवायची. बाहेरून कुठलाही आकडा जुळवत बसायला नको, कामाची चाल बदलली की याद्यांची विभागणी आपोआप बदलते. दोघांनी ही कल्पना २००३ मध्ये एका परिषदेत शोधनिबंध म्हणून मांडली. त्याच वर्षाच्या अखेरीस पोस्टग्रेसच्या विकसकांनी ती वाचून आपल्या कोडमध्ये उतरवली.

आता तारखांकडे नीट पाहा. आयबीएमचा पेटंट अर्ज २००२च्या नोव्हेंबरातला. अमेरिकेत अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी जगासमोर येतो, म्हणजे हा आला २००४च्या मध्यावर. म्हणून २००३ मध्ये ज्या माणसाने शोधनिबंध वाचून कोड लिहिला, त्याने पेटंट कार्यालयाचं सगळं दफ्तर धुंडाळलं असतं तरी त्याला काहीही सापडलं नसतं. निबंध जाहीर, अर्ज गुप्त. ‘आधी शोध घ्यायला हवा होता’ असं या विषयात फार सहज म्हटलं जातं. इथे शोध घेण्यासारखं काही अस्तित्वातच नव्हतं.

दुसरी गोष्ट, पोस्टग्रेसने आयबीएमची एक ओळही उचलली नव्हती. कोड त्यांनी स्वतःचा, सी या प्रोग्रॅमिंग भाषेत, स्वतःच्या रचनेला बेतून लिहिला. कॉपीराइटच्या दृष्टीने ते काम स्वच्छ होतं, कारण कॉपीराइट लिहिलेल्या मजकुराचं रक्षण करतो. पेटंट मात्र त्यामागच्या पद्धतीवर बसतं. तुम्ही ती कुठल्याही भाषेत, कुठल्याही शब्दांत उतरवा, इतकंच काय निबंध न वाचता तुम्हाला ती स्वतंत्रपणे सुचली असली, तरी तुम्ही उल्लंघन केलेलंच असतं. स्वतंत्रपणे सुचणं हा पेटंटच्या दाव्यावर बचाव होत नाही. प्रोग्रॅमिंगमध्ये हे विशेष जाचतं. इथे एकच अडचण एकाच काळात हजारो लोकांसमोर येते, आणि त्यातले बरेच जण साधारण एकाच उत्तरापाशी पोहोचतात.

या गोष्टीचा पुढचा भाग विरोधकांच्या आवडीचा आहे, तेव्हा तो मीच सांगतो. एआरसी काढून ८.०.२ मध्ये जो टूक्यू बसवला तो १९९४ सालचा प्रसिद्ध अल्गोरिदम होता. त्याच वर्षाअखेर आलेल्या ८.१ मध्ये तोही गेला आणि घड्याळाच्या काट्यासारखा पानांवरून फिरत राहणारा एक साधा प्रकार आला. हा नवा प्रकार जास्त प्रोसेसर असलेल्या यंत्रांवर चांगला चालला, कारण एआरसीत प्रत्येक वाचनाला यादी हलवावी लागते आणि त्यासाठी सगळ्यांना एकाच कुलपापाशी रांग लावावी लागते. मग काय, पेटंटने भलंच केलं की! हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि त्यात तथ्य तेवढंच आहे जेवढं ‘रस्ता खचला म्हणून आडवाटेने गेलो आणि नवं गाव सापडलं’ यात असतं. तो बदल तांत्रिक गुणदोष तोलून, चाचण्या घेऊन, मोठ्या आवृत्तीत करता आला असता. झाला तो वकिली धास्तीने, दुरुस्तीच्या आवृत्तीत, मंद पर्याय मध्ये घालून. पेटंट अर्जाला यातलं श्रेय द्यायचं काही कारण मला दिसत नाही.

आणि हे सगळं चालू होतं त्याच सुमाराला, ११ जानेवारी २००५ रोजी, आयबीएमने आपली ५०० पेटंटं ओपन सोर्स प्रकल्पांना मोकळी केल्याची घोषणा केली होती. घोषणा खरी होती, चांगलीही होती. पण यादी मंजूर पेटंटांची. एआरसीचा अर्ज प्रलंबित, म्हणून तो त्यात असण्याचा प्रश्नच नव्हता. पोस्टग्रेसला नेमकी जी एक गोष्ट नडत होती तिला ५०० पेटंटांच्या औदार्याचा काही उपयोग झाला नाही. भलेपणाची अडचण हीच आहे. देणारा काय द्यायचं ते ठरवतो, आणि घेणाऱ्याला काय लागणार आहे हे त्याला ठाऊक असेलच असं नाही.

डेटाबेसचं शास्त्र उभं कसं राहिलं ते पाहिलं की पेटंटशिवाय कोण कशाला संशोधन करेल, या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांत मांडण्याची पद्धत) मांडलं १९७० मध्ये, आयबीएममध्ये असताना, एका निबंधातून. बी-ट्री, म्हणजे आजच्या बहुतेक डेटाबेसमधल्या इंडेक्सची (हवी ती ओळ पटकन शोधून देणाऱ्या सूचीची) रचना, रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी त्याच सुमारास बोइंग कंपनीच्या प्रयोगशाळेत घडवली आणि तीही निबंधातूनच बाहेर आली. कॉडचं लिखाण वाचून बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी इन्ग्रेस हा डेटाबेस बांधायला घेतला. इन्ग्रेसनंतर १९८६ मध्ये तिथेच पोस्टग्रेस सुरू झालं. लॅरी एलिसन आणि त्यांच्या साथीदारांनी आयबीएमचेच निबंध वाचून १९७९ मध्ये ओरॅकल बाजारात आणलं, आयबीएमचं स्वतःचं रिलेशनल उत्पादन यायच्या आधी. त्या काळात अमेरिकेत प्रोग्रॅमवर पेटंट मिळणं अवघड होतं. १९७२ मध्ये गॉट्स्चॉक विरुद्ध बेन्सन या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आकडे एका पद्धतीतून दुसरीत बदलण्याच्या रीतीला पेटंट नाकारलं होतं.

कॉडच्या मॉडेलवर पेटंट असतं तर? कल्पनेचा खेळ आहे, पण फार दूरचा नाही. आयबीएमकडे तेव्हा आयएमएस नावाचा वेगळ्या धाटणीचा डेटाबेस होता आणि तो उत्तम खपत होता. नव्या मॉडेलला घाई करायचं कंपनीला काही कारण नव्हतं, आणि तिने घाई केलीही नाही. ज्याच्याकडे जुनं उत्पादन चालतं आहे त्याच्या हाती नव्या कल्पनेचं पेटंट दिलं की तो ती वापरेल यापेक्षा ती दाबून ठेवेल ही शक्यता मोठी. रिलेशनल डेटाबेस तगला, कारण आयबीएमची टाळाटाळ चालू असताना दुसऱ्या कुणालाही तो बांधता आला.

पुढे वारं फिरलं. १९८१च्या डायमंड विरुद्ध डीअर निकालाने दार किलकिलं झालं, १९९८च्या स्टेट स्ट्रीट बँक निकालाने ते सताड उघडलं. २०१४ मध्ये अ‍ॅलिस विरुद्ध सीएलएस बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एखादी अमूर्त कल्पना नुसती संगणकावर चालवली म्हणून पेटंटला पात्र होत नाही, आणि अनेकांना वाटलं की चला, मिटला प्रश्न. डेटाबेसच्या बाबतीत तो मिटला नाही. दोनच वर्षांनी एनफिश विरुद्ध मायक्रोसॉफ्ट या खटल्यात फेडरल सर्किट या पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या न्यायालयासमोर चक्क एक टेबल आलं: ज्यातल्या ओळीच त्या टेबलाचे स्तंभ कोणते हे सांगतात, असं स्वतःचं वर्णन स्वतःच करणारं टेबल. न्यायालय म्हणालं, ही अमूर्त कल्पना नव्हे, संगणकाच्या कामातच झालेली सुधारणा आहे, पेटंटला पात्र. निकालाचा तर्क त्याच्या चौकटीत चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्याचा परिणाम पाहा. व्यवसायाच्या फालतू युक्त्यांवरची पेटंटं अ‍ॅलिसमुळे पडू लागली, आणि साठवणूक, इंडेक्स, कॅश (सतत लागणारा डेटा मेमरीत धरून ठेवण्याची सोय) अशा खोलवरच्या गोष्टींवरची पेटंटं जास्त भक्कम झाली. म्हणजे डेटाबेस लिहिणाऱ्यांचा धोका कमी झालेला नाही. ते आता अशा कोपऱ्यात उभे आहेत जिथे पेटंट टिकण्याची शक्यता सर्वाधिक आहे.

पेटंटच्या बाजूने सांगितला जाणारा सगळ्यात जुना मुद्दा म्हणजे सौद्याचा. शोधक आपलं गुपित उघड करतो, समाज त्याला काही वर्षांची मक्तेदारी देतो. औषधांच्या बाबतीत या सौद्याला निदान काही अर्थ आहे, कारण औषधाचा रेणू ही एक ओळखता येणारी वस्तू आहे. सॉफ्टवेअरमध्ये हा सौदा आतून पोकळ आहे. अमेरिकी कायद्यात उल्लंघन जाणूनबुजून केलं असं ठरलं तर भरपाई तिपटीपर्यंत वाढू शकते. परिणामी वकील आपल्या प्रोग्रॅमरांना सांगतात, पेटंट वाचूच नका. वाचलंत तर ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय जाईल. ओपन सोर्स प्रकल्पांच्या चर्चेत कुणी पेटंटचा क्रमांक टाकला तर जुनेजाणते त्याला गप्प करतात, यामागे हेच आहे. ज्या दस्तऐवजातून ज्ञान पसरायचं तो दस्तऐवज त्या विषयातला माणूस डोळ्यांसमोरही धरत नाही. आणि वाचला तरी हाती काय लागतं? एआरसी समजून घ्यायची तर मेगिडो-मोधांचा निबंध वाचावा. पेटंटची भाषा प्रोग्रॅमरने शिकावी म्हणून लिहिलेली नसते. पुढेमागे कोर्टात ताणता यावी म्हणून लिहिलेली असते.

मुदतीचंही तेच. अर्जापासून २० वर्षं. एआरसीचा अर्ज २००२चा, म्हणजे निदान २०२२पर्यंत ती कल्पना बंद. तेवढ्या काळात पोस्टग्रेस ८.० पासून १५ पर्यंत पोहोचला. त्याच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. म्हणजे एका पेटंटच्या आयुष्यात चार पिढ्या येऊन निवृत्त होतात.

आता आश्वासनांकडे येऊ. अनेक यंत्रांवर डेटा वाटून त्यावर एकाच वेळी काम करण्याच्या मॅपरिड्यूस पद्धतीवर गुगलला २०१० मध्ये पेटंट मिळालं. त्याच पद्धतीवर बेतलेला हडूप हा अपाची फाउंडेशन या ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेचा प्रकल्प तोवर जगभर पसरला होता. काही महिन्यांत गुगलने अपाचीला परवाना दिला, आणि २०१३ मध्ये मॅपरिड्यूसशी संबंधित १० पेटंटं ओपन सोर्सविरुद्ध वापरणार नाही, समोरच्याने आधी हल्ला केला नाही तर, असं जाहीर केलं. गुगल चांगलं वागलं. पण मधले ते महिने आठवा. हडूपवर धंदा उभा केलेल्या प्रत्येकाचं भवितव्य एका कंपनीच्या कायदा विभागाच्या मनात काय आहे यावर टांगलेलं होतं. आणि ‘आधी हल्ला केला नाही तर’ ही अट वाचायला निरुपद्रवी आहे, पण हडूप वापरणाऱ्या कंपनीचा गुगलशी उद्या भलत्याच विषयावर पेटंटचा वाद झाला तर तिच्या डेटाच्या खोलीत काय होईल?

हीच अट फेसबुकने २०१७ मध्ये जरा जास्तच उघड करून दाखवली. रॉक्सडीबी हे त्यांचं साठवणुकीचं इंजिन अनेक डेटाबेसच्या पोटात बसवलं जातं. त्याच्या परवान्यासोबत एक पेटंटची पुरवणी होती: फेसबुकवर तुम्ही पेटंटचा दावा लावलात, तो कशाबद्दलही असो, की तुम्हाला दिलेली पेटंटची मुभा संपली. अपाची फाउंडेशनने असा परवाना असलेला कोड आपल्या प्रकल्पांत घेण्यास मनाई केली, आणि त्यानंतर लगेच रॉक्सडीबीचा परवाना बदलला. अपाचीचं वजन होतं म्हणून हे झालं. एकट्यादुकट्या विकसकाने तीच तक्रार केली असती तर तिला उत्तर तरी आलं असतं का, मला शंका आहे.

मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये, लिनक्स ही ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम आणि इतर मुक्त सॉफ्टवेअर आपल्या २३५ पेटंटांचं उल्लंघन करतं, असं जाहीर केलं होतं. कुठली २३५, ते तेव्हा सांगितलं नाही. २०१८ मध्ये हीच कंपनी ओपन इन्व्हेन्शन नेटवर्क या, लिनक्सविरुद्ध पेटंट न वापरण्याचं एकमेकांना वचन देणाऱ्या कंपन्यांच्या, गटात सामील झाली आणि आपली सुमारे ६०,००० पेटंटं लिनक्सच्या रक्षणाला दिली. हृदयपरिवर्तन असेल. धंद्याचं गणित बदललं असेल. दोन्हींत वाईट काही नाही. पण जे गणित अकरा वर्षांत एका बाजूने बदलतं ते दुसऱ्या बाजूनेही बदलू शकतं. शिवाय पेटंट विकता येतं, कंपनी बुडाली की लिलावात जातं, आणि विकत घेणारा नुसताच खटले भरणारा असू शकतो. त्याच्याकडे स्वतःचं उत्पादन नसतं, म्हणून त्याच्यावर उलट दावा लावण्याची धमकीही चालत नाही. परस्परांच्या भीतीवर टिकलेली शांतता अशा माणसापाशी संपते.

या सगळ्यात मला एक तडजोड खरोखर चांगली वाटते. ऑब्जेक्टच्या धाटणीने लिहिलेला प्रोग्रॅम आणि रिलेशनल डेटाबेस यांना जोडण्याच्या पद्धतीवर फायरस्टार नावाच्या कंपनीचं पेटंट होतं. २००६ मध्ये तिने हायबरनेट या ओपन सोर्स जोडणीबद्दल रेड हॅट या ओपन सोर्सवर धंदा करणाऱ्या कंपनीवर दावा लावला. रेड हॅटने २००८ मध्ये जी तडजोड केली तिच्यात फक्त स्वतःला वाचवलं नाही; ज्यांनी तो कोड आधी लिहिला ते आणि ज्यांनी तो पुढे घेऊन बदलला ते, असे सगळे त्यात आणले, आणि अटी जाहीर केल्या. कौतुक करावं असंच काम. फक्त एवढंच की रेड हॅटकडे दोन वर्षं वकील पोसायला पैसा होता. रात्री जागून कोड लिहिणाऱ्या दोघातिघांच्या प्रकल्पाकडे तो नसतो. दाव्याचं पहिलं पत्र आलं की ते प्रकल्पच बंद करतात, आणि त्याची नोंद कुठल्याच कोर्टात होत नाही.

परवान्यातच पेटंटची सोय करावी, हा उपाय अर्धाच आहे. अपाची २.० या परवान्यात, २००४ पासून, कोड देणारा त्या कोडपुरता पेटंटचा हक्कही देतो. पोस्टग्रेसच्या परवान्यात पेटंटचा उल्लेखच नाही. पण परवाना कितीही चांगला लिहा, तो कोड देणाऱ्यालाच बांधतो. ज्याने प्रकल्पात एक ओळही लिहिली नाही असा बाहेरचा पेटंटधारक त्या परवान्याला काडीचीही किंमत देण्यास बांधील नाही, आणि धोका येतो तो त्याच्याकडूनच.

कॉपीराइट आणि पेटंट यांतला हा फरक अलीकडे फार चांगला दिसला. मोंगोडीबी या डेटाबेसच्या कंपनीने २०१८ मध्ये परवाना बदलला, रेडिस या दुसऱ्या डेटाबेसच्या कंपनीने २०२४ मध्ये; क्लाउड कंपन्या (इंटरनेटवरून भाड्याने संगणक पुरवणाऱ्या) त्यांचा कोड फुकट चालवून पैसा मिळवतात म्हणून. रेडिसच्या निर्णयानंतर काही दिवसांतच जुन्या परवान्याखालचा कोड घेऊन लिनक्स फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली वाल्की हा वेगळा प्रकल्प उभा राहिला. कंपनीला आपला नवा कोड राखायचा हक्क मिळाला, समाजाला जुना घेऊन वेगळं निघायचा. भांडण झालं, दोघंही जगले. रेडिसच्या मूळ रचनेवर तिऱ्हाइताचं पेटंट असतं तर वाल्कीला कुठे जाता आलं असतं? कोड नव्याने लिहून कॉपीराइट टाळता येतो. पेटंट तुमच्या मागोमाग नव्या कोडमध्येही येतं.

दुसऱ्या बाजूचा एक दाखला मात्र मला प्रामाणिकपणे ग्राह्य धरावा लागतो. टोकुटेक या छोट्या कंपनीचा. विद्यापीठातल्या संशोधकांनी काढलेली ती कंपनी, त्यांची फ्रॅक्टल ट्री ही रचना भराभर येणारा डेटा लिहिण्यात बी-ट्रीपेक्षा सरस होती, आणि तिच्यावर पेटंटं होती. अशा माणसांना पेटंट नसतं तर मोठ्या कंपनीने कल्पना उचलली असती आणि यांच्या हाती काही राहिलं नसतं, हे भय खरं आहे. पण टोकुटेकने पुढे काय केलं? २०१३ मध्ये आपलं मायएसक्यूएल या ओपन सोर्स डेटाबेससाठीचं इंजिन स्वतःहून ओपन सोर्स केलं आणि सोबत पेटंटची मुभा दिली. ज्या बाजारात तिला शिरायचं होतं तिथे बंद, पेटंटबद्ध इंजिनावर आपला डेटा सोपवायला लोक नाखूश असतात. २०१५ मध्ये पर्कोना या मायएसक्यूएलची सेवा देणाऱ्या कंपनीने ती घेतली. गुंतवणूकदारापुढे ठेवायला पेटंटचा कागद कामाला आला असेल. पण त्या शोधाला वापरणारे मिळावेत म्हणून त्याच कागदाची धार बोथट करावी लागली. लहान शोधकाचं रक्षण कसं करायचं हा प्रश्न त्यामुळे संपत नाही. पेटंट हे त्याचं उत्तर आहे, हे मात्र या उदाहरणातून सिद्ध होत नाही.

कायद्याने हे करता येणारच नाही, असं म्हणणाऱ्यांनी युरोपचं २००५ साल आठवावं. युरोपीय आयोगाने २००२ मध्ये मांडलेल्या मसुद्यामुळे सॉफ्टवेअर पेटंटांना संपूर्ण युरोपात पक्की मान्यता मिळेल अशी चिन्हं होती. विरोधात पुढे असलेल्यांत मायएसक्यूएल बनवणारी स्वीडिश कंपनी होती. तिने मोहिमेला पैसा दिला आणि तिचे संस्थापक मायकेल विडेनियस यांनी लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांच्यासोबत जाहीर आवाहन केलं. म्हणजे डेटाबेस विकून पोट भरणारेच सांगत होते, आम्हाला हे संरक्षण नको. २००४च्या डिसेंबरात हा मसुदा चर्चेविना मंजूर करून घेण्यासाठी कृषी आणि मत्स्यव्यवसाय मंत्र्यांच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत घुसवला होता (मासळीच्या कोट्यासोबत अल्गोरिदम!), आणि पोलंडच्या प्रतिनिधीने तिथे जाऊन तो काढायला लावला. ६ जुलै २००५ रोजी युरोपीय संसदेने ६४८ विरुद्ध १४ मतांनी मसुदा फेटाळला. त्याच वर्षी भारतीय संसदेनेही असंच केलं: २००४च्या अखेरीस काढलेल्या अध्यादेशात उद्योगात तांत्रिक उपयोग असलेल्या किंवा हार्डवेअरशी जोडलेल्या प्रोग्रॅमना पेटंटची वाट करून दिली होती, ती अध्यादेशाचा कायदा करताना गाळली, आणि पेटंट कायद्यातलं प्रोग्रॅम व अल्गोरिदम वगळणारं कलम ३(के) तसंच राहिलं.

दोन्हीकडे विजय अर्धवटच ठरला. वगळण्याचं कलम ‘निव्वळ’ प्रोग्रॅमपुरतं आहे, आणि निव्वळ कशाला म्हणायचं हे पेटंट कार्यालयं आणि न्यायालयं ठरवतात. युरोपचं पेटंट कार्यालय तांत्रिक परिणाम दाखवला की पेटंट देत आलं आहे. म्हणून नुसतं कलम असून भागत नाही. कशाला पेटंट मिळणार नाही हे कायद्याने उदाहरणासकट, पळवाट न ठेवता सांगायला हवं.

मधला मार्ग म्हणून काही जण सुचवतात की कोड लिहिणं आणि तो फुकट प्रसिद्ध करणं एवढ्याला उल्लंघन मानू नये. तेवढं मिळालं तर मी घेईन, पण समाधान मानणार नाही. बहुतेक देशांत पेटंट घेतलेली गोष्ट नुसती वापरणं हेही उल्लंघन असतं. लिहिणाऱ्याला अभय दिलं आणि तो डेटाबेस चालवणाऱ्या रुग्णालयाला दाव्याखाली ठेवलं, तर तो डेटाबेस कुणी चालवणारच नाही, आणि लिहिणाऱ्याचं अभय कागदावर राहील.

यंत्रांच्या शोधकांना या वगळण्याने धक्का लागायचं कारण नाही. घसरणारं चाक ओळखून दाब बदलणारा नवा ब्रेक हा ब्रेक म्हणून पेटंटला पात्र असावा, आत प्रोग्रॅम असला तरी. डिस्कच्या नियंत्रकासाठी कुणी नवी चिप घडवली तर त्या चिपवर पेटंट घ्यावं. पण मेमरीतली पानं कुठल्या क्रमाने काढायची, इंडेक्सच्या फांद्या कशा तोडायच्या, दोन व्यवहार एकाच वेळी आले तर कुणाला थांबवायचं, ही सर्वसाधारण यंत्रावर चालणारी रीत आहे आणि ती सगळ्यांना मोकळी हवी. मधल्या काठावर वाद होतील. डेटाबेसची शोधप्रक्रियाच चिपमध्ये कोरली, तर चिपची रचना पेटंटची आणि तीच रीत सर्वसाधारण प्रोसेसरवर चालवली तर मोकळी, असा निवाडा मी देईन. दुसरा कुणी रेषा थोडी इकडेतिकडे ओढेल. ते वाद न्यायालयांनी खुशाल सोडवावेत.